संगणकातील रोजमेळ आणि वह्यांचा कप्पा

दीपावलीला वहीपूजन होते, वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू होते आणि पेढीवरील जुन्या वह्या बांधून वेगळ्या ठेवल्या जातात. आता या वह्या संगणकात गेल्या आहेत. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून संगणकाच्या डिस्कचे विभाग कसे पाडावेत, हा प्रश्न तंत्रज्ञाइतकाच पेढीच्या मालकाचाही आहे.

लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली गोवंडीच्या परिसराला अपरिचित नाही. शेजारच्या मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुक्त सॉफ्टवेअरवर दीर्घकाळ काम झाले आहे. गोवंडीतील एखाद्या दुकानात ५०० जीबी डिस्कच्या संगणकावर लिनक्स बसवायचे ठरले, तर संपूर्ण डिस्क एकच विभाग म्हणून वापरण्याचा सोपा पर्याय समोर येतो. तो मोहक असला, तरी त्यात कार्यप्रणाली आणि हिशेब एकाच कप्प्यात राहतात. पुढे प्रणाली बिघडून डिस्क नव्याने फॉरमॅट करावी लागली, तर हिशेबही पुसले जातात.

त्यापेक्षा विभागणी अशी असावी : संगणक सुरू होण्यासाठी सुमारे १ जीबीचा ईएफआय विभाग, प्रणालीसाठी ५० ते ६० जीबीचा ‘रूट’, मेमरीला आधार म्हणून ४ ते ८ जीबीचा ‘स्वॅप’ आणि उरलेली सर्व जागा ‘होम’ला. हिशेब ‘होम’मध्येच ठेवावेत. प्रणाली पुन्हा बसवताना ‘रूट’ फॉरमॅट करावा. ‘होम’ जोडून घ्यावा, मात्र त्यापुढील फॉरमॅटची खूण काढलेली आहे याची खात्री करावी.

फाइल सिस्टिम म्हणून दुकानासाठी २००८ पासून स्थिर असलेली ‘ईएक्सटी४’ पुरेशी आहे. खतावणीपूर्वी व्यवहार रोजमेळात उतरतो, तशी ती फाइलींच्या रचनेतील बदल आधी ‘जर्नल’मध्ये नोंदवते. मध्येच वीज गेली, तर त्या नोंदीवरून रचना सावरते. न साठवलेला मजकूर मात्र परत येत नाही. ‘एक्सएफएस’ मोठ्या फाइलींना उत्तम, पण तिचा विभाग नंतर लहान करता येत नाही. ‘बीटीआरएफएस’ जुन्या स्थितीचे स्नॅपशॉट ठेवते, परंतु ते त्याच डिस्कवर असल्याने डिस्क गेली की तेही जातात.

येथेच विवेक हवा. विभाग म्हणजे दुसरी प्रत नव्हे. कपाटाला चार कप्पे असले, तरी आग लागल्यावर कपाट एकच असते. आठवड्यातून एकदा हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, ती दुकानाऐवजी घरी ठेवावी आणि महिन्यातून एकदा उघडून तपासावी. धर्माने शिकवलेला अप्रमाद व्यवहारात असाच उतरतो.