पांढऱ्या उंदराची वाटी

उंदीर म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? कुरतडलेलं ज्वारीचं पोतं, पेटीतल्या साडीला पडलेलं भोक आणि पिंजऱ्याच्या आकड्याला अडकवलेला भज्याचा तुकडा. उंदराला खायला घालायचं ते त्याला पकडायला, नाहीतर मारायला, हीच आपली रीत. वर्षातनं एकदा गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदराला काय तो मोदकाचा मान! तेव्हा 'पाळलेल्या उंदरासाठी घरी सकस खाणं करा' असं मी म्हटलं, तर विट्यातल्या बायका पदर तोंडाला लावून हसणार हे मला ठाऊक आहे. एका शेजारणीनं तर विचारलंच, "अगं, ह्यो उंदीर हाय का जावई?"

हसा मैत्रिणींनो, पण जरा ऐकूनही घ्या. आता आपल्याकडंही मुलं पांढरे उंदीर पाळायला मागतात. सुट्टीला परराज्यातून गावी येणाऱ्या गलाईवाल्यांच्या पोरांकडं ते बघतात, मोबाइलवर बघतात आणि मग हट्ट धरतात. सांगली-कोल्हापूरला गेलं, की पिंजरा घरी येतो. सोबत खाण्याबद्दल चार शब्द सांगणारा कुणी येत नाही. आठ दिवस कौतुक होतं. नंतर त्या जिवाच्या वाटीत काय पडतं? चहात बुडवलेलं बिस्कीट, फरसाणाचा चुरा, शिळ्या भाताची ढेकळं, ताटात उरलेली तिखट आमटी. 'उंदीरच तो, काहीपण खातो!'

माझा आक्षेप आहे तो नेमका या वाक्याला. काहीपण खातो म्हणजे काहीपण मानवतं असं नव्हे. उंदराची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. त्याला उलटी करता येत नाही! आपल्या किंवा कुत्र्या-मांजराच्या पोटात नको ते गेलं, तर ते बाहेर तरी पडतं. उंदराच्या पोटात गेलं ते गेलंच. म्हणूनच तो नवीन पदार्थ आधी चिमूटभर चाखून बघतो आणि बाधला तर पुन्हा तोंड लावत नाही. रानातला उंदीर दहा ठिकाणी हिंडून निवडून खातो. पिंजऱ्यातल्या उंदराला निवड कुठली? आपण टाकू ते खायचं, नाहीतर उपाशी राहायचं.

आपल्याच जेवणाची परीक्षा

आता एक जुनी गोष्ट सांगते, ती ऐकून तुमचं हसू थांबेल. भारतीय माणसानं काय खावं, हे शोधायला आपलं जेवण उंदरांनाच वाढलं गेलं होतं. तमिळनाडूतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचे डॉक्टर होते. १९२० च्या दशकात त्यांनी उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला देशातल्या एकेका भागातल्या लोकांचं जेवण दिलं. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी. कोणते उंदीर जास्त वाढले आणि निरोगी राहिले? वर दिलाय तोच क्रम! पहिला नंबर शीख जेवणाचा, दुसरा पठाणांचा आणि तिसरा आपल्या मराठा जेवणाचा.

यात कुणाच्या जातीपातीचा मोठेपणा नव्हता, फरक होता ताटाचा. पहिल्या नंबरच्या ताटात काय होतं? कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची चपाती, दूध, लोणी, डाळ, कच्चं गाजर, कोबी आणि अधूनमधून थोडं मटण. जसजसं दूध कमी झालं, कोंड्यासकटच्या धान्याची जागा सडलेल्या पांढऱ्या तांदळानं घेतली आणि भाजीपाला आटला, तसतसे उंदीर खुरटत गेले.

त्यांनी आणखी एका गटाला इंग्लंडमधल्या गरिबांचं जेवण दिलं होतं. पांढरा पाव, बनावट लोणी, भरपूर साखरेचा चहा, उकडून सत्त्व गेलेली भाजी, डब्यातलं मांस आणि स्वस्तातला जॅम. ते उंदीर नुसते रोडावले नाहीत, चिडखोर झाले. सांभाळणाऱ्याला चावायला लागले आणि शेवटी आपल्यातल्याच दुबळ्यांना मारून खायला लागले. पुढं हीच प्रयोगशाळा हैदराबादला गेली आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. गर्भारपणात अमुक खा, बाळाला तमुक द्या, असं आज आपल्याला सांगितलं जातं त्याची मुळं अशा कामात आहेत. म्हणजे उंदराच्या वाटीची चेष्टा करायचं आपल्याला कारण नाही.

पोल्ट्रीवाल्यांच्या गावात

खरं तर खाण्याचं मोल विट्याला शिकवायला नको. आपल्या भागात पोल्ट्री किती! मका किती, सोयाबीन पेंड किती, शिंपल्याची भुकटी किती, याचा हिशोब पोल्ट्रीवाल्या घरातल्या बाईला पाठ असतो. खाद्य जरा बदललं, की दुसऱ्या दिवशी अंड्यांचा आकडा बोलतो. कोंबडीचं आपण एवढं मोजून-मापून करतो, कारण तिच्यात पैसा आहे. पोराच्या पिंजऱ्यातल्या जिवात पैसा नाही, म्हणून त्याला खरकटं. हे काही बरोबर नाही.

आणि एक इशारा. घरात कोंबडीखाद्य आहे म्हणून तेच उंदराला घालू नका. अंड्यांवरच्या कोंबडीला कवचासाठी कॅल्शियम लागतं. त्यामुळं तिच्या खाद्यात ते उंदराच्या गरजेच्या कितीतरी पट असतं. काही खाद्यांत कोंबड्यांच्या रोगावरची औषधंही मिसळलेली असतात. ती उंदरासाठी नाहीत.

मग घालायचं काय?

जे आपल्या घरात आहे तेच, पण मीठ, तिखट, तेल पडायच्या आधी बाजूला काढलेलं. मोठ्या उंदराला दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम कोरडं खाणं पुरतं. म्हणजे दोन-तीन चमचे. मुलांच्या तोंडचा घास काढून उंदराला घालायचा प्रश्नच येत नाही.

त्यातलं निम्म्याहून जास्त अख्खं धान्य असावं. ज्वारी, बाजरी, नाचणी, गव्हाचा दलिया आलटून पालटून. नाचणीत कॅल्शियम चांगलं असतं, तिला विसरू नका. त्याच्या जोडीला वाफवलेले मोड आलेले मूग-मटकी किंवा शिजवलेली बिनफोडणीची डाळ. आठवड्यातनं एक-दोनदा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. घरात अंडं चालत नसेल, तर थोडं दही किंवा पनीर. रोज थोडी ताजी भाजी धुऊन घालावी. गाजर, काकडी, दुधी, मेथीची चार पानं. जवस किंवा तीळ चिमूटभर. पाणी मात्र रोज बदललेलं हवं.

उंदीर भारी चोखंदळ. सगळं सुटं घातलं, तर सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या वेचून खातो आणि बाकीचं कोपऱ्यात दडवतो. त्यावर आपल्याकडचा सोपा उपाय आहे. धान्याची पिठं आणि डाळीचं पीठ एकत्र मळून बिनमिठाची छोटी भाकरी थापायची, तव्यावर कडक भाजायची आणि तुकडे करून ठेवायचे. त्याचे दात जन्मभर वाढत असतात. कडक तुकडा कुरतडला, की दातही झिजतात आणि निवडानिवडही होत नाही. प्राण्यांच्या दुकानात उंदरांचं तयार खाद्य मिळालं, तर ते निम्मं आणि घरचं निम्मं, हे सगळ्यात चांगलं. नुसत्या धान्यावर काही जीवनसत्त्वं आणि क्षार कमी पडतात. खाणं बदलायचं तर एकदम नको, आठवडाभरात हळूहळू बदलावं.

काय घालू नये, तेही सांगते. चॉकलेट, चहा, कच्चा राजमा, हिरवट पडलेला किंवा कोंब आलेला बटाटा, कांदा, संत्र्या-मोसंबीची साल. घशाला चिकटणारा कसलाही गोळा नको, कारण उलटी नाही, म्हणजे अडकलेलं सुटतही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बुरशी आलेले शेंगदाणे आणि मका. आपल्याकडं 'जरा कुबट वास येतोय, पण टाकायचे कशाला' म्हणून असे दाणे बाजूला पडतात आणि जनावराच्या पुढ्यात जातात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले. कारण शोधलं, तर ते निघालं बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. अफ्लाटॉक्सिन हे विष त्यातूनच कळलं. ते यकृत खातं, उंदराला तर फारच बाधतं, आणि भाजून-शिजवून जात नाही. असे दाणे उंदराला नकोत, कोंबडीला नकोत आणि मैत्रिणींनो, चटणीत घालून आपल्यालाही नकोत!

माया म्हणजे मापात

दुसरं टोकही वाईटच. काही घरांत लाडानं दिवसभर काजू, चीज, गोड घातलं जातं. लठ्ठ उंदीर गोंडस दिसतो, पण तो आजारी पडायच्या वाटेवर असतो. माद्यांना स्तनाच्या गाठी होतात, त्यात अति खाण्याचाही हात असतो. अमेरिकेत १९३५ मध्ये क्लाइव्ह मॅके नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की पोषण पुरेसं ठेवून खाणं बेतानं दिलेले उंदीर जास्त जगतात. मुळात आयुष्य दोन-तीन वर्षांचं. त्यात आपली माया त्याचे सहा महिने कमी करणार असेल, तर ती माया कसली?

स्वच्छतेचं भान हवंच. पिंजरा स्वयंपाकघरात नको, त्याची वाटी वेगळी घासायची, हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे. उरलेली ओली भाजी रात्री काढून टाकायची, नाहीतर तिच्या वासानं घरातले उंदीर येतात. त्यांच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो. आणि नर-मादी ओळखून आणा. मादी जेमतेम सव्वा-दीड महिन्याची झाली, की गाभण राहू शकते आणि तीन आठवड्यांत पिलं देते! मग वाटी एक नाही, दहा भराव्या लागतील.

आता मुद्दा वाटी भरणारीचा. पोरगा म्हणतो 'माझा उंदीर', नवरा म्हणतो 'हौस आहे, असू दे', आणि भाकरी थापायला, पिंजरा धुवायला कोण? आईच! मी याच्या साफ विरोधात आहे. ज्याचा हट्ट त्याची वाटी. आठ-दहा वर्षांचं पोर चमच्यानं धान्य मोजू शकतं, मूग भिजत घालू शकतं, पाणी बदलू शकतं. मुलगा असला तरी! एका मुक्या जिवाचं खाणं रोज वेळेवर काढून ठेवायची सवय लागली, तर तो पोरगा उद्या 'आई जेवली का?' असं तरी विचारेल. ते जमणार नसेल, तर पिंजरा घरात आणायलाच ठाम नकार द्या. त्यात कठोरपणा नाही.

आणि आई जेवली का, हा प्रश्न साधा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. त्याची कारणं बरीच आहेत, पण त्यातलं एक आपल्या घरातच आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या बुडाशी उरलेलं ते आपलं, सकाळची शिळी भाकरी आपली आणि दुपारची भूक चहा-टोस्टवर मारायची. पांढरा पाव आणि गोड चहा! मॅककॅरिसनच्या त्या चिडखोर उंदरांचं ताट आठवा. आपण दुपारी उगीच करवादतो, पोरांवर ओरडतो, तेव्हा दोष नेहमी स्वभावाचाच असतो का?

शंभर वर्षांपूर्वी आपल्या जेवणाचा देशात तिसरा नंबर आला होता. ते जेवण अजून आपल्याच डब्यांत आहे. ज्वारी आहे, नाचणी आहे, मटकी आहे, परसात शेवगाही आहे. पोराच्या उंदरासाठी मूठभर मूग भिजवाल, तेव्हा दोन मुठी जास्त भिजवा. त्याची वाटी मीठ-तिखटाआधी बाजूला काढाल, तेव्हा आपलीही एक वाटी भाजी सगळ्यांना वाढायच्या आधी झाकून ठेवा. खरकटं उंदराला घालायचं नाही, हे एकदा ठरलं, की बाईनंही ते का खावं, हा प्रश्न घरात आपोआप निघेल. तो निघू दे!