भंगारातल्या सायकलीला पक्कं बिल कोण देणार?

विषय साधा आहे, पण बरेच दिवस डोक्यात आहे.

ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठल्याही भंगारवाल्याकडं जा. जुन्या सायकली पडलेल्या दिसतील. घरात मोटारसायकल आली की सायकल लोखंडाच्या भावानं जाते. आणि त्याच रस्त्यानं पोरं-पोरी दप्तर घेऊन तीन-चार किलोमीटर पायी चाललेली असतात. हिवाळ्यात सहाला अंधार, दोन्ही बाजूंना ऊस, उसात बिबट्या. पायी तासाची वाट सायकलवर वीस मिनिटांची. आपल्याकडं सायकल ही हौस नाही, उजेडात घरी पोचायचा प्रश्न आहे.

मुलींना सायकलसाठी योजना आहेत, नाही असं नाही. डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयापासून वस्तूऐवजी पैसे थेट खात्यात येतात. ठेकेदाराची मलई बंद व्हावी म्हणून केलं, चांगलंच केलं. पण काही योजनांत रीत काय? आधी पदरच्या पैशानं नवी सायकल घ्या, पक्कं बिल जोडा, मग पैसे. अहो, मजुरीवर घर चालवणाऱ्यानं आधी चार-पाच हजार आणायचे कुठून?

आता दुसरा हिशोब बघा. भंगारातून शाबूत फ्रेम आणि पुढचा चिमटा घ्या. रिंगचा आऊट काढा, हबमधले छर्रे धुऊन ग्रीस भरा. टायर, ट्यूब, चेन आणि ब्रेकचे रबर मात्र नवेच, तिथं काटकसर नको. नव्या सायकलीच्या निम्म्याहून कमी पैशात काम होतं. शिवाय जोडणाऱ्या पोराला ती दुरुस्तही करता येते. पंक्चर झाली म्हणून महिनाभर भिंतीला टेकून राहत नाही.

कुणी म्हणेल, जुनी सायकल धोक्याची. बरोबर, तडा गेलेली फ्रेम फुकट मिळाली तरी घेऊ नये. पण ब्रेक न लागणारी नवी सायकल तरी कुठं सुरक्षित असते? तपासणी दोन्हींची हवी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा आणि सुट्या भागांवरचाही जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. कर लावताना सुटे भाग दिसतात, मग अनुदान देताना का दिसत नाहीत?

म्हणून मागण्या तीन:
१) सुट्या भागांचं आणि दुरुस्तीचं बिल योजनेत धरा.
२) निदान अर्धी रक्कम आधी द्या.
३) प्रत्येक हायस्कूलला पाने, पंप आणि पंक्चरचं सामान द्या. महिन्यातून एक शनिवार आयटीआयची पोरं आणि गावातला सायकलवाला शिकवतील. सायकलवाल्याला त्याचं मानधन द्या, फुकट राबवू नका.

वाटपाच्या फोटोला नवी सायकल शोभते, मान्य. पण पोरगी अंधाराआधी घरी आली पाहिजे, ती जुन्या सायकलवर आली तरी चालेल.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर खाली कमेंटमध्ये भांडा.