कोकणची हवा आणि कोकणची जमीन

दिवाळी सरते, दिल्लीच्या आकाशात धूर साचतो, पुण्यास पहाटेचा गारठा झोंबू लागतो आणि कोकणच्या किनाऱ्याकडे एका विशिष्ट वर्गाच्या मोटारी वळू लागतात. त्यांत बसलेली माणसे सहलीस आलेली नसतात. ती जागा पाहावयास आलेली असतात. गाव शांत हवे, समुद्र दिसावा, थंडी सौम्य असावी, इंटरनेट चालावे आणि विमानतळ फार दूर नसावा, एवढी त्यांची अपेक्षा. जानेवारीत पुण्याचे रात्रीचे तापमान सरासरीने अकरा अंशांच्या आसपास असते, तर रत्नागिरीचे अठरा-एकोणीस. सांधे दुखू लागलेल्या वयात हा फरक लहान नव्हे.

या इच्छेत निंद्य असे काही नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. शहरात चाळीस वर्षे घासलेल्या माणसास उरलेले आयुष्य मोकळ्या हवेत काढावेसे वाटले, तर त्याला भोगवादी म्हणून हिणवणे हा समाजवाद नव्हे. प्रश्न त्याच्या इच्छेचा नसून त्या इच्छेला जमिनीच्या बाजारात येणाऱ्या किमतीचा आहे. ती किंमत कोण देतो, कोणाला मिळते आणि कोणाच्या हातून काय सुटते, याचा हिशेब मांडावयास हवा. तो मांडण्याचे काम दलालांवर सोपवलेले दिसते.

या किनाऱ्याचा इतिहास उलट दिशेच्या प्रवासाचा आहे. येथील माणूस हवापालटासाठी घर सोडून गेला नाही. तो पोटासाठी गेला. खोताच्या जाचाने आणि वरकस जमिनीच्या नापिकीने तो मुंबईच्या गिरणीत जाऊन उभा राहिला, एका खोलीत दहा-पंधरा जणांनी पाळीपाळीने पाठ टेकली, आणि त्याच्या मनिऑर्डरीवर गावचे घर शाकारले गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप मोडला आणि त्यांपैकी असंख्य जण रिकाम्या हाताने गावी परतले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकावयाची वाट मोकळी केली. लालबाग-परळात मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांत साठलेला पैसा आता त्याच कामगाराच्या गावी जमीन शोधीत येत आहे. प्रथम त्याची गिरणी गेली, मग त्याची चाळ गेली, आता त्याच्या आजोबांचे भरड राहिले आहे.

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. सरकारी अहवालात हा आकडा कधीकधी स्त्रीसन्मानाचा पुरावा म्हणून मिरविला जातो; वस्तुतः तो तरुण पुरुष गावात उरला नसल्याचा पुरावा आहे. ज्या भूभागातून माणसे आजही बाहेर जात आहेत, तेथील जमिनीचे भाव मात्र चढत आहेत, ही विसंगती समजून घेतल्यावाचून कोकणचा प्रश्न समजत नाही.

समाजवादी चळवळीने येथे स्वतःकडेही पाहिले पाहिजे. राजापूर मतदारसंघातून बॅ. नाथ पै आणि नंतर प्रा. मधु दंडवते यांनी कोकण रेल्वेचा जो ध्यास घेतला, तो मुंबईच्या भांडवलाला समुद्रकिनारा जवळ यावा म्हणून नव्हता. चाकरमान्यास बोटीच्या आणि घाटातल्या एस. टी.च्या हालांतून सोडवावे, बंदर आणि बाग यांचा माल बाजारास लागावा, कोकणात उद्योग यावा, अशी ती कल्पना होती. दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग खुला झाला. गाडी आली. गणपतीत चाकरमानी तिच्या दारात लोंबकळत आजही येतो. पण उद्योग आला नाही. त्यापुढचे टप्पे कोणासाठी आखले गेले हे वेगळे सांगावयास नको : २०२१ साली चिपीचा विमानतळ, २०२३ पासून मोप्याचा, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा हा सुमारे बावीस किलोमीटरचा सागरी सेतू, ज्याने अलिबागला मुंबईच्या शेजारी आणून ठेवले.

अर्थशास्त्रात या घटनेस जुने नाव आहे : अनार्जित वाढ. रिकार्डोने खंडाची उपपत्ती मांडली, मिलने तिच्यातून करविषयक निष्कर्ष काढला, हेन्री जॉर्जने १८७९ साली तोच विचार सामान्य वाचकापर्यंत नेला. पूल सार्वजनिक पैशाने होतो, रस्ता सार्वजनिक पैशाने होतो, आणि त्यामुळे जमिनीच्या मोलात जी भर पडते ती मात्र खाजगी खिशात जाते. सामान्य शेतजमिनीचे मोल तिच्या पिकावरून ठरते. कोकणातल्या किनारपट्टीचे मोल आता आंबा, नारळ किंवा भात यांवरून ठरत नाही. ते मुंबई-दिल्लीच्या वेतनावरून आणि नफ्यावरून ठरते. भाताच्या उत्पन्नातून आयुष्यभरात जे साठणार नाही, ते विकणाऱ्याला एका सहीत मिळते. तो मूर्ख नाही. मुलीचे लग्न, बापाचे ऑपरेशन, विरारला किंवा दिव्याला एक खोली, एवढे त्यातून होते आणि पैसा संपतो. जमीन मात्र पुन्हा विकली जाते, आणि दुसऱ्या विक्रीतला नफा त्याच्या वाट्याला येत नाही.

कायदा या व्यवहाराला अडवीत नाही काय? कागदावर अडवितो. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ अन्वये बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेता येत नाही. परंतु घाटावर कोठेतरी वडिलांच्या नावे सातबारा असला की शहरातला कारखानदारही शेतकरी ठरतो. आणि जेथे हे जमत नाही तेथे जमीन आधी बिगरशेती करून घेतली जाते. याहून सूक्ष्म गोष्ट कलम ४३ ची आहे. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ जमिनीचा मालक मानला गेला. त्या आधी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला होता. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले होते. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. एवढ्या झगड्यातून मिळालेली कुळाची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने ही परवानगी, खरेदीस दहा वर्षे झाली असल्यास, अनावश्यक झाली. आकारणीच्या चाळीस पट नजराणा भरला की पुरे. आकारणी रुपया-दोन रुपयांची असते, हे ज्याने सातबारा पाहिला आहे त्यास ठाऊक आहे.

या दुरुस्तीला सरसकट विरोध करणे सोपे आहे. योग्य ठरेलच असे नाही. परवानगीसाठी प्रांत आणि कलेक्टर कचेरीत कुळाची जी पिळवणूक होत असे ती खरीच होती, आणि आपल्या मालकीची वस्तू विकण्याचा अधिकार ब्राह्मण खोताच्या वंशजास असावा व कुणब्यास नसावा, हेही न्यायाचे नव्हे. चूक विक्रीची मोकळीक देण्यात नाही. ती देताना खरेदीदारावर आणि भाववाढीवर कोणतेही बंधन न घालण्यात आहे. ज्या अलिबाग तालुक्यात कुळांनी सहा वर्षे शेते पडीक ठेवून उपास काढले, त्याच तालुक्यात आज उंच कुंपणांमागे पोहण्याचे तलाव आहेत.

ज्यांच्या नावे सातबाराच नाही, त्यांची स्थिती याहून बिकट आहे. गाबीत आणि कोळी वस्त्यांतील पुष्कळ घरे पिढ्यान्‌पिढ्या सरकारी जमिनीवर उभी आहेत. रापण ओढावयास मोकळी पुळण लागते, जाळी आणि मासळी वाळत घालावयास जागा लागते, होडी वर घेण्यास वाट लागते. या सर्व गोष्टी वहिवाटीने चालत आल्या. त्यांची नोंद कोठे नाही. नव्या मालकाची भिंत उठते आणि समुद्राकडे जाणारी पाणंद एका पावसाळ्यात नाहीशी होते. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरचा पट्टा बांधकामापासून राखला होता. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने, जेथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक आहे, तेथे तो पन्नास मीटरवर आणला. दाट वस्तीचे गाव म्हणजे बहुधा मच्छिमारांचेच गाव. सवलत त्यांच्या नावाने दिली गेली. तिचा उपभोग घेण्याइतके भांडवल त्यांच्याजवळ नाही.

पाण्याचा प्रश्न वेगळा काढावयास नको. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतो, कारण जांभ्याचा सडा पाणी धरीत नाही. त्याच विहिरींच्या झऱ्यांवर आता खोल विंधणविहिरी बसत आहेत.

रोजगार मिळतो, असे उत्तर दिले जाते. मिळतो : गड्याचा, माळ्याचा, राखणदाराचा. पुष्कळ आंबाबागांतून राखणदारी आधीच नेपाळी मजुरांकडे गेली आहे, कारण त्या वेतनात स्थानिक तरुण राहत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरुड भागातील नारळ-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पोफळ पुन्हा फळावर यायला वर्षे लागतात. ज्याचे पोट बागेवर होते त्याला त्या उजाड वाडीचा सौदा करणारा माणूस लवकर भेटला, नुकसानभरपाई उशिरा.

हा अनुभव एकट्या कोकणचा नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास असलेल्या कॉर्नवॉलमध्ये समुद्रप्रवाहांमुळे हिवाळा सौम्य असतो आणि लंडनच्या धनिकांनी तेथील कोळ्यांची गावे घेतली. हिवाळ्यात गल्लीच्या गल्ली अंधारात राहू लागली. २०१६ साली सेंट आयव्ह्‌ज या गावाने सार्वमत घेऊन नवी घरे कायम रहिवाशांसाठीच राखण्याच्या बाजूने ऐंशी टक्क्यांहून अधिक मते दिली. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या घरावर नेहमीच्या कराच्या तीनशे टक्क्यांपर्यंत जादा कर बसविण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना आहे. आपल्याकडे हिमाचल प्रदेशाच्या १९७२ च्या कायद्यातील कलम ११८ अद्याप टिकून आहे. गोव्यात २००६ साली प्रादेशिक आराखड्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि २००७ च्या प्रारंभी सरकारला तो मागे घ्यावा लागला. जमीन हा लोकांच्या विषयपत्रिकेवरचा प्रश्न होऊ शकतो, याची ही उदाहरणे दूरची नाहीत.

बंद घरावर चढता कर बसवावा असे म्हटले की कोकणी माणूस प्रथम दचकतो, आणि त्याचे दचकणे रास्त आहे. त्याचेही घर दहा महिने बंद असते. शिमग्याला आणि गणपतीलाच उघडते. तो कर त्याच्यावर बसला तर चळवळ स्वतःच्याच माणसाला नागवील. म्हणून भेद करावा लागेल : वारसाने आलेले गावठाणातले घर एकीकडे, आणि ठरावीक क्षेत्रफळाहून मोठे, अलीकडे खरेदी घेऊन बांधलेले घर दुसरीकडे. पहिल्यास हात लावू नये. दुसऱ्याची घरपट्टी ग्रामपंचायतीने अनेक पटींनी वाढवावी आणि ते पैसे पाणी, बोटींचे धक्के व भूमिहीनांची घरे यांवर खर्च करावे. पुनर्विक्रीतील भाववाढीवर राज्याने कर घ्यावा व त्याचा हिस्सा गावाला द्यावा. जमीन विकण्याऐवजी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याची मुभा व मार्गदर्शन शेतकऱ्याला मिळावे. हवा हवी असणाऱ्यास हवा मिळेल, मालकी मिळणार नाही. निवृत्तिवेतनाच्या भविष्यनिर्वाह योजनेत किमान रक्कम २०१४ साली एक हजार रुपये ठरली. त्या हजारावर गावी परतू पाहणाऱ्या कामगाराला घराचे छप्पर दुरुस्त करण्यास बिनव्याजी कर्ज हवे. कोकणात परत यावयाचा पहिला हक्क त्याचा आहे.

विधिमंडळात हे होईल तेव्हा होईल. तालुका शाखांना आज करण्याजोगे काम मात्र आहे. तलाठ्याच्या (त्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कार्यालयात प्रत्येक खरेदीचा फेरफार लागतो आणि हरकतीस पंधरा दिवस मिळतात. सामायिक खात्यातल्या चुलत्याची सही मुंबईहून कोणी आणली, कुळाचे नाव कोठे गळले, समुद्राची वाट कोणत्या गटातून जाते, हे गावातल्या कार्यकर्त्याइतके कोणास ठाऊक नसते. खरेदीचा हंगाम दिवाळीपासून शिमग्यापर्यंत असतो. त्या चार-पाच महिन्यांत दर आठवड्यास एक कार्यकर्ता चावडीवर जाऊन फलक वाचील, अशी व्यवस्था शाखेच्या पुढील बैठकीत करता येईल.