वाफसा कुणासाठी थांबत नाही

दादाचा फोन आला तेव्हा इकडे कॅनडात, लव्हालमध्ये सकाळचे साडेसहा वाजले होते आणि निफाडकडे दुपारचे चार. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. "आठ लाखांच्या मागं छप्पन हजार वाचतात," दादा म्हणाला. "शोरूमवाला म्हणतोय, पंचावन्न एचपीचा घ्या, हप्ते बसवून देतो. आपला जुना मॅसी बदलीत जाईल. तू एवढी वर्षं तिकडं ट्रॅक्टर खोलतोयस. काय करू, सांग."

मी म्हणालो, "दादा, सही करू नकोस. रविवारी सावकाश बोलू." त्या रविवारी त्याला जे सांगितलं, ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या कानावर घालावंसं वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

मी नाशिकला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि गेली सोळा वर्षं लव्हालच्या पूर्व टोकाला एका लहान वर्कशॉपमध्ये काम करतो. कुठल्याही कंपनीची एजन्सी नसलेलं, चार माणसांचं वर्कशॉप. लव्हाल म्हटलं की लोकांना मॉन्ट्रियलचं उपनगर आठवतं. मेट्रो, मॉल, घरांच्या रांगा. पण हे सगळं शहर एका बेटावर वसलेलं आहे आणि बेटाची जवळपास तीस टक्के जमीन आजही शेतीसाठी राखीव आहे. १९६५ मध्ये बेटावरची चौदा गावं एकत्र करून हे शहर झालं. नंतर घरांची लाट वाढत गेली, तेव्हा १९७८ मध्ये क्वेबेक सरकारने शेतजमीन वाचवण्याचा कायदा केला. त्या कायद्यामुळे सँ-फ्रान्स्वा भागात आज कोबी, मधुमका, स्ट्रॉबेरी पिकते आणि पश्चिमेला सँत-दोरोतेमध्ये फुलांची हरितगृहं उभी आहेत.

इथलं शेत एप्रिलअखेरपर्यंत ओलंगच्च असतं. बर्फ वितळतो, चिकणमातीत पाणी धरून राहतं, आणि मग मे महिन्यात कधीतरी चार-पाच दिवस असे येतात की मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि टाकली तर फुटतो. निफाडच्या माणसाला याचं नाव सांगावं लागत नाही. तो वाफसा. ऑक्टोबरमध्ये कडाक्याची थंडी पुन्हा दारात येते, म्हणून इथे मेमधला एकेक दिवस मोलाचा.

अशाच एका मे महिन्यात सँ-फ्रान्स्वामधल्या एका वयस्क शेतकऱ्याचा फोन आला. कोबीची रोपं ट्रेमध्ये तयार, कामाला ग्वाटेमालाहून आलेली माणसं बांधावर उभी, आणि तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर जागच्या जागी घुरघुरत होता. इंजिन चालू होतं, पण संगणकाने त्याची ताकद कापली होती. धुराची प्रक्रिया करणाऱ्या भागातला एक सेन्सर चुकीचा आकडा देत होता. कोणता सेन्सर, ते मला अर्ध्या तासात कळलं. तसा सेन्सर मिळालाही. पण तो बदलल्यावर ट्रॅक्टरच्या संगणकाला "आता सगळं ठीक आहे" हे सांगायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते फक्त अधिकृत विक्रेत्याकडे असतं. विक्रेत्याचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. त्याचं काम वीस मिनिटांचं होतं. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता.

मधल्या दिवशी आम्ही काय केलं, ते दादाला मी दोनदा सांगितलं. त्या शेतकऱ्याच्या कोठारात मागे एक जुना मॅसी फर्ग्युसन १३५ उभा होता. साठ-सत्तरच्या दशकातला, तीन सिलिंडरचा. आम्ही टाकी धुतली, डिझेल भरलं, फिल्टर बदलला, पंपाचा बोल्ट सैल करून लाइनमधली हवा काढली, दुसरी बॅटरी जोडली. तो सुरू झाला. त्याच्यामागे रोपं लावायचं यंत्र जोडून अंधार पडेपर्यंत निम्मं शेत लावून झालं. उरलेल्या निम्म्या शेताची रोपं पावसानंतर ट्रेमध्येच लांबली, पिवळी पडली.

त्या मॅसीचं बॉनेट उघडलं तेव्हा माझे हात चाचपडले नाहीत. आमच्या अंगणात उभा आहे तो मॅसी १०३५ याच घराण्यातला. मॅसी हे मूळ कॅनडाचंच नाव. १८४७ मध्ये डॅनियल मॅसीने ऑन्टारियोमधल्या न्यूकॅसल गावी शेतीच्या अवजारांचं वर्कशॉप काढलं, पुढे त्यात हॅरिस आले, मग फर्ग्युसन आले, आणि १९६० मध्ये तेव्हाच्या मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ट्रॅक्टर बांधणारी टाफे कंपनी स्थापन झाली. वडिलांनी जुना घेतलेला तो लाल ट्रॅक्टर गावातल्या मिस्त्रींनी चिंचेखाली तीनदा उघडला आणि तीनदा बसवला. मी तेव्हा पाने पुसून हातात देत होतो. माझं सगळं शिक्षण त्या चिंचेखाली सुरू झालं, कारण ते यंत्र उघडायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

आता मुद्द्याचं बोलतो. ट्रॅक्टरची किंमत शोरूमच्या पाटीवर कधीच पूर्ण लिहिलेली नसते. पाटीवरच्या आकड्यात व्याज मिळवा, डिझेल मिळवा, सुटे भाग मिळवा, आणि वाफसा असताना यंत्र बंद पडून राहिलेल्या दिवसांचं नुकसान मिळवा. या शेवटच्या रकमेचं बिल कुणीच देत नाही, पण शेतकऱ्याच्या खिशातून जाते तीच सगळ्यात मोठी.

व्याजाने काय होतं ते इथे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. २०२२ च्या सुरुवातीला कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर पाव टक्का होता. जुलै २०२३ मध्ये तो ५ टक्के झाला. दोन लाख डॉलरचं बदलत्या व्याजाचं कर्ज असलेल्या शेतकऱ्याला एवढ्या एका बदलापायी वर्षाला साडेनऊ हजार डॉलर जास्त मोजावे लागले. त्याच काळात युक्रेन युद्ध सुरू झालं आणि रशियाच्या मालावर कॅनडाने ३५ टक्के शुल्क लावलं. पूर्व कॅनडाचं बरंचसं खत रशियातून येत असल्याने त्याचा चटका थेट इथल्या शेताला बसला. २०२४ च्या वसंतात क्वेबेकचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले, तेव्हा माझ्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जण त्यांच्यात सामील होते. आता त्यांच्यातले अनेक जण नवं यंत्र घेण्याआधी जुनं दुरुस्त करता येईल का ते विचारायला आमच्याकडे येतात.

ऑस्ट्रेलियात उलटी वाट दिसली. ऑक्टोबर २०२० ते जून २०२३ या काळात तिथल्या सरकारने यंत्राची पूर्ण किंमत त्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करायची मुभा दिली होती. कर वाचतो म्हणून यंत्रं उचलली गेली, सवलत संपली, व्याज चढलं, आणि मागणी ओसरली. त्याआधीच, २०२१ मध्ये, तिथल्या स्पर्धा आयोगाने शेतीयंत्रांच्या बाजाराची पाहणी करून सांगितलं होतं की दुरुस्तीसाठी शेतकऱ्याला पर्याय फार थोडे आहेत. तरीही जुलै २०२२ मध्ये गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना देण्याचा कायदा लागू झाला, तेव्हा ट्रॅक्टर त्यातून वगळले गेले. सवलत खरेदीवर मिळाली, दुरुस्तीचा हक्क मात्र मिळाला नाही. महाराष्ट्राने नेमकं हेच टाळायला हवं.

कॅनडाने अर्धं पाऊल टाकलं आहे. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी इथला कॉपीराइट कायदा बदलला. निदान आणि दुरुस्तीसाठी यंत्रातलं डिजिटल कुलूप उघडणं आता गुन्हा नाही. पण कंपनीने किल्ली द्यायलाच हवी, अशी सक्ती त्यात नाही. कुलूप उघडायची परवानगी आहे आणि किल्ली नाही, अशा अवस्थेत माझ्यासारखा कारागीर आजही विक्रेत्याच्या माणसाची वाट पाहतो.

कंपन्यांचं म्हणणं मी रोज ऐकतो. सॉफ्टवेअर खुलं केलं तर लोक प्रदूषण रोखणारे भाग बंद करतील, असं त्या म्हणतात. ही भीती पूर्ण खोटी नाही. असं कुणी करत असेल तर त्याला दंड करावा, त्यासाठी कायदे आहेत. पण ताप मोजायचं थर्मामीटर हातात द्यायला नकार देण्याचं हे कारण होऊ शकत नाही. नवी यंत्रं वाईट आहेत असंही मी म्हणत नाही. उपग्रहाच्या मदतीने सरळ चालणारा ट्रॅक्टर एकाच ओळीवर दोनदा फवारत नाही. औषध वाचतं, डिझेल वाचतं, चालवणाऱ्याचं कंबरडं वाचतं. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्या नावावर कर्ज आहे, त्याच्या हातात दुरुस्तीही असायला हवी.

आपल्याकडे ही वेळ आली आहे का? आली आहे. १ जानेवारी २०२३ पासून भारतात ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्यामुळे कॉमन रेल इंजेक्शन, सेन्सर, कंट्रोल युनिट हे सगळं आता पुण्या-नाशिकच्या शेतातही आलं आहे. दादाला पंचावन्न एचपीचा ट्रॅक्टर दाखवला गेला, तेव्हा हा फरक कुणी सांगितला नाही. ५० च्या खालचा आणि वरचा ट्रॅक्टर यांच्यात नुसता पाच-दहा घोड्यांचा फरक राहिलेला नाही. एक गावात दुरुस्त होऊ शकतो, दुसऱ्याला लॅपटॉप घेऊन येणारा माणूस लागतो.

आणि आपल्या वावराचा आकार पाहा. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे. आमची साडेचार एकर. दोन एकर द्राक्षबाग, बाकी कांदा आणि सोयाबीन. एवढ्या रानात मोठ्या ट्रॅक्टरला वर्षाला दोनशे तासांच्या वर काम निघणार नाही. हप्ता मात्र बाराही महिने निघतो.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली केंद्र सरकारकडे. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा त्यात शेतीची अवजारं हे एक क्षेत्र आवर्जून घेतलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं. पण पोर्टलवर माहिती टाकणं कंपनीच्या मर्जीवर राहून चालणार नाही. ट्रॅक्टर विकायचा असेल तर निदानाचं सॉफ्टवेअर, सर्व्हिस मॅन्युअल आणि सुटे भाग वाजवी दरात कुठल्याही कारागिराला मिळाले पाहिजेत, असा कायदाच हवा.

दुसरी राज्य सरकारकडे. ट्रॅक्टर आणि अवजारांवर अनुदान देताना ही अट घाला. ज्या यंत्राची दुरुस्ती तालुक्यात होऊ शकत नाही, त्यावर जनतेचा पैसा खर्च होऊ नये. आणि आयटीआयमधल्या ट्रॅक्टर मेकॅनिकच्या मुलांना पान्यासोबत स्कॅनर वापरायला शिकवा.

तिसरी मागणी आपल्याच लोकांकडे. क्वेबेकमध्ये १९९० च्या दशकापासून यंत्रांच्या सहकारी संस्था चालतात. फ्रान्सकडून घेतलेली ही पद्धत. तिला क्युमा म्हणतात. प्रत्येक यंत्राचा एक गट असतो. सभासद वर्षाला किती हेक्टर काम घेणार ते आधी लिहून देतो, त्या प्रमाणात भाग भरतो, आणि मगच यंत्र विकत घेतलं जातं. आपल्याकडे अवजार बँका निघाल्या, पण अनेक ठिकाणी अनुदान आलं म्हणून यंत्र आलं आणि कामाचा हिशोब नंतर सुरू झाला. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या महाराष्ट्राला सहकार कुणी शिकवायला नको. आधी कामाची नोंद, मग खरेदी, एवढा क्रम आपण पाळला पाहिजे.

दादाने त्या आठवड्यात शोरूममध्ये जाऊन तीन प्रश्न विचारले. बिघाड झाला तर कोड कोण वाचणार? माणूस किती तासांत येणार? हे लिहून देणार का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. मग त्याने मॅसीची क्लचप्लेट बदलली, मागचे दोन टायर टाकले. जीएसटी टायरवरही कमी झाला आहे, तो फायदा त्याने तिथे घेतला. बांधाला बांध असलेल्या चौघांना घेऊन तो आता एका छोट्या ट्रॅक्टरचा आणि ब्लोअरचा हिशोब मांडतो आहे. कुणाच्या बागेत किती फवारण्या, कुणाचे किती तास, ते वहिनी वहीत लिहितात.

उन्हाळ कांद्याच्या लागवडीआधी दादाने पुन्हा फोन केला. वाफसा आला होता. सकाळी नळी गळायला लागली होती, तर मिस्त्रींचा मुलगा आला आणि दहा वाजता ट्रॅक्टर वावरात होता. फोनमधून मला त्याचा आवाज ऐकू येत होता.