पर्सेंटाइलचीही परीक्षा घ्या
एमएचटी-सीईटी अनेक सत्रांत होते आणि दर सत्राचा पेपर वेगळा असतो, म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल दिले जाते. आपल्या सत्रातल्या शेकडा किती मुलांना आपल्याइतके किंवा कमी गुण पडले, एवढेच ते सांगते. पेपर सोपा असो की अवघड, सत्रात पहिल्या येणाऱ्याला १०० मिळणारच. हा हिशेब न्याय्य ठरतो तो सर्व सत्रांतल्या मुलांची तयारी सारखी असेल तरच. शिवाय निकाल सात दशांश स्थळांपर्यंत छापतात. २० हजार मुलांच्या सत्रात एका मुलाने ०.००५ चा फरक पडतो. त्यापुढच्या आकड्यांना अचूकता समजून पालकांनी झोप उडवून घेऊ नये.

उमेदवारांची वाटणी यादृच्छिक असेल तर सत्रे आपोआप सारखी होतात, हा आक्षेप रास्त आहे. पण सरासरी जुळली म्हणून वरचे टोक जुळतेच असे नाही, आणि चांगल्या महाविद्यालयांतल्या जागांचा निकाल लागतो तो त्याच टोकाला. त्यावर काही जण ‘आयआरटी’ म्हणजे प्रश्न-प्रतिसाद सिद्धांत सुचवतात. १९६० साली डेन्मार्कच्या गेओर्ग राश यांनी मांडलेल्या प्रारूपात प्रश्नाची काठिण्यपातळी तेवढी धरली आहे. १९६८ साली बर्नबॉम यांनी मांडलेल्या प्रारूपात अंदाजपंचे उत्तरांनाही जागा आहे. सीईटीत चुकीला दंड नाही. गणिताच्या ५० प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी बारा-तेरा बरोबर येतात. म्हणजे राश इथे अपुरा पडण्याची शक्यता मोठी. पण बर्नबॉमचे प्रारूपही डोळे झाकून घेऊ नये: अंदाजाचे प्रमाण कच्च्या मुलांच्या उत्तरांवरूनच काढावे लागते आणि ते सहज चुकते. वेगवेगळ्या सत्रांचे पेपर एका मापावर आणायलाही सामाईक प्रश्न किंवा सारख्या तयारीचे गट लागतातच.

म्हणून प्रारूप कोणतेही निवडा, त्याचे भाकीत प्रत्यक्ष उत्तरांशी ताडून पाहा. ज्या प्रश्नात हुशार मुले दोन पर्यायांत विभागली जातात, तिथे उत्तरसूची तपासायला हवी. २०२४ च्या ‘नीट’मध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे ग्राह्य धरली गेली आणि खरे उत्तर ठरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला आयआयटी दिल्लीचे मत मागवावे लागले. उत्तरसूची तपासण्याचे काम निकालाआधीचे आहे. एवढे गणित पालकांना कळणार नाही, असे म्हटले जाईल. सगळ्यांना कळायची गरज नाही. राज्यातल्या विद्यापीठांचे संख्याशास्त्र विभाग ते तपासू शकतील. त्यासाठी सीईटी कक्षाने नावे आणि बैठक क्रमांक काढून प्रत्येक सत्राची प्रश्नवार उत्तरे निकालाबरोबरच खुली करावीत.