उंची कोणती, हे मुलांना ठरवू द्या

समांतरभुज चौकोनाचा पाया 8 सेमी, तिरकी बाजू 5 सेमी आणि उंची 4 सेमी असेल, तर क्षेत्रफळ 32 चौसेमी येते. तिन्ही मापे आकृतीवर लिहिलेली असताना 8 ला 5 ने गुणून 40 लिहिणारी उत्तरपत्रिका गणिताच्या कोणाही शिक्षकाला नवी नाही. तिच्यावर लाल रेघ ओढून ‘सूत्र पाठ करा’ असा शेरा मारला जातो. आमच्या मते इथे निदानच चुकते. हा विद्यार्थी बहुधा सूत्र विसरलेला नसतो; विचारले तर ‘पाया गुणिले उंची’ असे तो धडाधड सांगेल. क्षेत्रफळ या तीन मापांपैकी दोघांवरच का ठरते आणि तिसऱ्याचा त्यात हात का नाही, हे मात्र त्याला उमगलेले नसते. योग्य मापांची निवड हाच या घटकाचा गाभा आहे, गुणाकार नव्हे. शिकवताना ती निवड आपण स्वतःच करून टाकतो आणि मुलांच्या वाट्याला फक्त आकडेमोड ठेवतो.

या चुकीचे मूळ आयतात आहे. आयताच्या लगतच्या बाजू एकमेकींना लंब असल्याने त्याची दुसरी बाजू हीच त्याची उंचीही असते. त्यामुळे ‘लांबी गुणिले रुंदी’ शिकताना मूल प्रत्यक्षात ‘बाजूला बाजूने गुणायचे’ एवढेच शिकते, आणि काही वर्षे त्याचे उत्तर बरोबरच येत राहते. म्हणून उपायही आयतापाशीच करायला हवा. 7 सेमी लांब आणि 4 सेमी रुंद आयतात एका ओळीत 7 चौरस बसतात आणि अशा ओळी 4, म्हणून 28 चौसेमी. यातला 4 हा बाजूची लांबी म्हणून नव्हे, तर ओळींची संख्या म्हणून गुणाकारात येतो. मापे अपूर्णांकांत असली तरी हा विचार टिकतो. 3.5 सेमी बाय 2.5 सेमीच्या आयतात अर्धा सेमी बाजूचे चौरस ओळीत 7 आणि ओळी 5, म्हणजे 35. असे चार चौरस मिळून एक चौसेमी, म्हणून 8.75. आलेख कागदावर हे मोजून पाहिलेल्या मुलाला समांतरभुज चौकोनासमोर नेमका प्रश्न पडतो: आता ओळी किती? तिरकी बाजू 5 सेमी असली, तरी दोन समांतर रेषांच्या मध्ये एकेक सेमीच्या चारच ओळी मावतात. प्रत्येक ओळ थोडी बाजूला सरकलेली असते, पण तिची लांबी 8 सेमीच राहते.

बाजू कळल्या म्हणजे क्षेत्रफळ कळले, हा समज काही केवळ मुलांचा नाही. समोरासमोरच्या बाजूंच्या निम्म्या बेरजांचा गुणाकार करण्याची रीत ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त नोंदवली, पण त्या फळाला स्थूल म्हटले आणि सूक्ष्म फळासाठी वेगळे सूत्र दिले. समांतरभुज चौकोनात हे स्थूल फळ म्हणजे बाजू गुणिले बाजू, अर्थात आपल्या विद्यार्थ्याचे 40. भास्कराचार्य 1150 मधल्या ‘लीलावती’त याहून कडक झाले आहेत. एखादा लंब किंवा कर्ण न देता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच ठरवले आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे. त्यांचा पुरावा आजच्या फळ्यावरही चालेल. 25 बाजूचा समभुज चौकोन घ्या. कर्ण 30 आणि 40 असतील तर क्षेत्रफळ 600. कर्ण 14 आणि 48 असतील तर 336. आणि तोच चौरस असेल तर 625. चारही बाजू त्याच, उत्तरे तीन. व्यवहारातही हा फरक किरकोळ नसतो. 33 फूट बाजूच्या चौरसाचा एक गुंठा होतो. 66 बाय 33 फुटांचा तुकडा बाजू मोजून दोन गुंठ्यांचा म्हणून सांगितला, पण त्याचा एक कोन 60 अंशांचा निघाला, तर जमीन 2,178 ऐवजी सुमारे 1,886 चौरस फूटच भरते. पाव गुंठ्याहून अधिक जमीन नुसती कागदावर राहते.

वर्गात ही गोष्ट पटवायला दोन कृती शेजारीशेजारी करायला हव्यात. पहिली सर्वांच्या परिचयाची आहे: पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या कोपऱ्यांशी सैल जोडून आयत करायचा आणि तो कलता करत न्यायचा. बाजू बदलत नाहीत, परिमितीही नाही, पण क्षेत्रफळ घटत जाते. कोन 30 अंशांचा झाला की ते बरोबर निम्मे उरते. दुसऱ्या कृतीत पत्त्यांचा जोड टेबलावर उभा रचून एकसारखा बाजूला सरकवायचा. समोरून दिसणारा आयत समांतरभुज चौकोन होतो. पाया तोच, उंची तीच, पत्ते तेवढेच, म्हणून क्षेत्रफळही तेच. तिरकी बाजू आणि परिमिती मात्र वाढते. दोन्ही वेळा मुले ‘आयत तिरका केला’ असेच म्हणतील. एकात क्षेत्रफळ का घटले आणि दुसऱ्यात का टिकले, हे त्यांना स्वतः शोधू द्यावे. समांतर रेषांमधले अंतर पहिल्या कृतीत कमी झाले, दुसऱ्या कृतीत नाही, हे ज्याच्या तोंडून आले त्याला सूत्र सांगायची गरज उरत नाही.

यावर कोणी म्हणेल की पाठ्यपुस्तकात कृती आहेच. डावीकडचा त्रिकोण कापून उजवीकडे लावला की आयत होतो. ती कृती चांगली आहे, पण कुठे कापायचे हे आपणच सांगितले तर ती केवळ उत्तराचे प्रात्यक्षिक ठरते. मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्थायमर यांच्या ‘प्रॉडक्टिव्ह थिंकिंग’ या 1945 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात याच धड्याचे विश्लेषण आहे. वरच्या कोपऱ्यांतून लंब टाकायला नीट शिकलेल्या मुलांसमोर त्यांनी उभट आणि जास्त कललेली आकृती ठेवली, तेव्हा हे अजून शिकवलेले नाही, अशी काहींची तक्रार होती. अशा आकृतीत लंबाचा पाय पायाच्या बाहेर पडतो आणि एकाच कापाची युक्ती खरोखर अडते. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातल्या 35 व्या प्रमेयाच्या आज प्रचलित असलेल्या सिद्धतेत ही अडचण येतच नाही. एकाच पायावरच्या, त्याच समांतर रेषांमधल्या दोन समांतरभुज चौकोनांना सामावणारा समलंब चौकोन घ्यायचा. त्यातून एक त्रिकोण वजा केला की एक चौकोन उरतो, त्याच्याशी एकरूप असलेला दुसरा त्रिकोण वजा केला की दुसरा. सारख्यातून सारखे काढले, म्हणून उरलेलेही सारखे. आकृती कितीही कलली तरी हा युक्तिवाद अडत नाही. कापून जोडण्याच्या कृतीनंतर पुढची पायरी हीच असावी.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे आणि तो खोटा नाही. एका सूत्रासाठी तीन तासिका देणे आठवीच्या वर्षात जड जाते. पण इथे वाचवलेला वेळ पुढे व्याजासकट द्यावा लागतो. त्रिकोणाचे सूत्र या चौकोनाच्या निम्म्यातून येते, समलंब चौकोनाचे दोन त्रिकोणांतून. दहावीत समरूपतेच्या प्रकरणाची सुरुवातच त्रिकोणांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने होते. समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळे पायांच्या प्रमाणात असतात, याच आधारावर प्रमाणाचे मूलभूत प्रमेय उभे आहे. तिथे विशालकोन त्रिकोणाबाहेर पडलेली उंची पाहून मुले गोंधळतात, कारण उंची म्हणजे अंतर हे आधी पक्के झालेले नसते. एनसीईआरटीने तर नववीच्या पुस्तकातून समांतरभुज चौकोन आणि त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे प्रकरण वगळले आहे. त्या अभ्यासक्रमात वरच्या वर्गात उणीव भरून निघण्याची वाट मुळी बंदच झाली, म्हणून खालच्या वर्गावरची जबाबदारी वाढली.

परीक्षेत उंची दिलेलीच असते, मग हा खटाटोप कशाला, हा तिसरा आक्षेप. त्याचे उत्तर प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या, म्हणजे आपल्याच हातात आहे. घटक चाचणीत तीन प्रश्न घालून पाहावेत. पहिल्यात पाया, उंची आणि तिरकी बाजू तिन्ही द्यावीत. दुसऱ्यात त्याच आकृतीच्या 5 सेमी बाजूवरची उंची विचारावी. क्षेत्रफळ 32 च राहणार, म्हणून ती 6.4 सेमी यायला हवी. तिसऱ्यात फक्त 8 आणि 5 सेमी या लगतच्या बाजू देऊन क्षेत्रफळ निश्चित सांगता येईल का, येत नसेल तर ते जास्तीत जास्त किती, असे विचारावे. ‘सांगता येणार नाही, पण 40 हून जास्त नाही’ असे कारणासह लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळावेत. या तीन प्रश्नांना नवे पुस्तक लागत नाही की परिपत्रक. मात्र गुण निवडीला मिळतात हे मुलांना एकदा कळले, की शिकवणेही त्या दिशेला वळते. या सत्रात निदान एका तुकडीत हे करून पाहावे आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे, विशेषतः चुकलेली, आमच्याकडे पाठवावीत. त्यांची चर्चा याच पानांवर होईल.