पहिल्या रांगेतील खुर्ची

‘आता या वयात व्याख्याने ऐकून मला काय करायचे आहे?’ हे वाक्य अनेक घरांत कानी पडते. घरची मंडळी त्याचा अर्थ विरक्ती असा लावतात आणि पुढच्या खेपेस विचारणेच सोडून देतात. परंतु या वाक्यामागे पुष्कळदा अगदी साधी कारणे असतात. शब्द नीट ऐकू येत नाहीत; सभागृहाच्या पायऱ्यांची भीती वाटते; मध्येच लघवीसाठी उठावे लागले तर काय, ही चिंता असते. हे सांगण्याचा संकोच वाटतो, म्हणून ‘इच्छा नाही’ असे सांगितले जाते. त्या संकोचाचाच विचार आज आपण रामटेकच्या निमित्ताने करू.

नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेले रामटेक म्हणजेच ‘मेघदूता’तील रामगिरी, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. त्या महाकवीच्या नावाने १९९७ मध्ये येथे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झाले. आषाढाचा पहिला दिवस कालिदास दिन म्हणून साजरा होतो. अशा एखाद्या दिवशी बाहेरगावचे विद्वान बोलावयास येणार असतील, तर ज्यांनी शाळेत संस्कृत शिकले, शिकवले किंवा नुसते दुरून ऐकले, त्या आजी-आजोबांसाठी ती मोठीच पर्वणी होय. मराठी माणसाला व्याख्यानाचे वेड जुने आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. आपली भाषा तर जाणत्या माणसाला ‘बहुश्रुत’, म्हणजे पुष्कळ ऐकलेला, असेच म्हणते.

मग हे ऐकणे उतारवयात का सुटते? वयोमानानुसार कानाची शक्ती कमी होते, ती सर्व आवाजांसाठी सारखी नव्हे. उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. त्यामुळे स, श, फ, थ यांसारखी व्यंजने पुसट होतात. आवाज येतो, शब्द मात्र कळत नाही. मोठ्या सभागृहात प्रतिध्वनी आणि कुजबूज यांची भर पडते, आणि श्रोता अर्ध्या तासात थकून जातो. दोन-तीनदा असे झाले की तो जाणेच टाळतो. पुढे लग्नसमारंभ टळतात, मग घरातल्या गप्पाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी संबंध असलेले, पण आटोक्यात आणता येण्याजोगे १४ घटक सांगितले. त्यांत श्रवणक्षमता कमी होणे, उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष आणि समाजापासून तुटणे हे तिन्ही आहेत. एक व्याख्यान ऐकल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असा याचा अर्थ नाही. मात्र ऐकू न येण्याकडे ‘वयच झाले’ म्हणून दुर्लक्ष करणे परवडणारे नाही, एवढे निश्चित. कधी कधी कानात साठलेला मळ एवढेच कारण निघते. म्हणून प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

आता जाण्याची तयारी. कार्यक्रम सर्वांसाठी खुला आहे का, सभागृह कोणत्या मजल्यावर आहे, उद्वाहक आहे का आणि स्वच्छतागृह किती दूर आहे, हे आदल्या दिवशी दूरध्वनी करून विचारावे. पहिल्या रांगेत कडेची एक खुर्ची राखून ठेवण्याची विनंती करावी. विनंती करण्यात कमीपणा मानू नये. समोर बसल्याने वक्त्याचे ओठ दिसतात आणि शब्द कळण्यास डोळ्यांचीही मदत होते; कडेला बसल्याने उठावे लागले तरी कोणाला अडचण होत नाही. श्रवणयंत्र असेल तर बॅटरी तपासावी, जास्तीची सोबत घ्यावी. चष्मा विसरू नये.

रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती आपल्या मनाने टाळू नये. वेळ पुढे-मागे करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. पाणी पिणे बंद करणे हा तर उपाय नव्हेच. विदर्भातील आषाढ पाऊस लांबला की चांगलाच उकाड्याचा असतो. मधुमेह असणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये आणि खिशात साखर किंवा गोड गोळ्या ठेवाव्यात. वातानुकूलित सभागृहासाठी पातळ शाल बरी. तास-दीड तास बसल्यानंतर चटकन उठल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. म्हणून आधी बसल्या जागी घोटे व पोटऱ्या हलवाव्यात, मग खुर्ची धरून उभे राहावे आणि दोन श्वास घेऊन चालू लागावे.

रामटेकला आलोच आहोत तर गडमंदिर आणि टेकडीवरील कालिदास स्मारकही पाहू, असा मोह होईल. दोन्ही एका दिवसात उरकण्याचा आग्रह धरू नये. थकलेले पाय, पायऱ्या आणि हातातल्या पिशवीवर झडप घालणारी माकडे हे तिन्ही एकत्र आले की तोल जाण्यास वेळ लागत नाही. गडासाठी दुसरा दिवस काढावा, तोही सकाळचा.

काळजी घेणाऱ्यांना एक सूचना. सभागृहात आई-बाबांच्या कानाशी सतत बोलत राहू नये. त्याने वक्त्याचे शब्दही बुडतात. घरीसुद्धा ओरडून बोलल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, उलट वेडेवाकडे होतात. समोर बसून, सावकाश, नेहमीच्याच आवाजात बोलावे. परतीच्या वाटेवर ‘दमलात का?’ याऐवजी ‘तुम्हांला त्यातले काय पटले नाही?’ असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. दुसऱ्या प्रश्नाने ऐकलेले आठवावे लागते, जुळवावे लागते आणि स्वतःचे मत सांगावे लागते. ज्या माणसाला घरात आता केवळ औषधांविषयीच विचारले जाते, त्याला आपले मत कोणी तरी मागितले याचे मोल फार मोठे असते.

‘मेघदूता’तील यक्षाला प्रियजनांपासून दूर ठेवणारा शाप एका वर्षाचा होता. ऐकू न येण्याने माणूस भरल्या घरातही दूर पडतो, आणि त्या दुराव्याला मुदत नसते. तो मिटवण्यासाठी मेघाची वाट पाहण्याचे कारण नाही. जवळच्या महाविद्यालयात, वाचनालयात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात पुढील पंधरवड्यात कोणाचे व्याख्यान आहे, याची आजच चौकशी करावी आणि पहिल्या रांगेतील एक खुर्ची मागून घ्यावी.